रिटर्नच्या टेबलावरच्या वत्सलाबाई

वत्सलाबाईंचा विषय निघाला की जुन्या बायका म्हणतात, "बाई कडक होत्या." कडक माणसं मी पुष्कळ पाहिली. वत्सलाबाई दुष्ट होत्या. दहा वर्षं मी त्यांच्या नजरेखाली काढली, हातात जे काही कसब आहे ते त्यांनीच दिलं, आणि तरी मला दुसरा शब्द सापडत नाही.

घोटावडे फाट्याजवळ कुलपांचा एक कारखाना होता. दाराच्या फळीत आत बसवतात ती कुलपं. बाहेरून नुसती चावी घालायची पितळी चकती दिसते. त्या चकतीमागं बोटभर लांबीचा पितळी ठोकळा असतो, त्याला सिलिंडर म्हणायचं. आम्ही साठेक बायका दिवसभर सिलिंडर भरायचो. आत पाच भोकं. प्रत्येक भोकात खाली एक पिन, वर एक पिन, त्यावर स्प्रिंग. सगळं तांदळाच्या कणीएवढं. नेमकी चावी आत गेली की पाची जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात आणि मधला भाग फिरतो. मागून एक क्लिप दाबून बसवली की सिलिंडर तयार.

वत्सलाबाई भरायच्या नाहीत, उघडायच्या. गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल गोणीतून त्यांच्या टेबलावर यायचा. टेबल खिडकीशी, त्यावर काळ्या रेक्झिनचा तुकडा, एक चिमटा, एक पितळी दांडी आणि घड्याळजीचं भिंग. बाई ठेंगण्या, वाळक्या. पदर कमरेला खोचलेला, हातात बांगडी नाही. एकेक सिलिंडर घ्यायच्या, क्लिप काढायच्या, दांडी सरकवत मधला भाग अलगद बाहेर काढायच्या आणि पिना काळ्या रेक्झिनवर ओळीनं मांडायच्या. मग नुसत्या बघत बसायच्या. कधीकधी पाच-पाच मिनिटं. त्या वेळी त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा व्हायचा, तोंड थोडं उघडं राहायचं. मग मान वर व्हायची आणि आमची अख्खी रांग खाली मान घालून पिना मोजायला लागायची.

नव्याण्णव साली मी लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला त्यांच्यापुढं उभं केलं.

"कुटनं आलीस?"

"माल्याहून."

"शिकलीस किती?"

"बारावी."

"बारावी झाल्याले हात दाव." त्यांनी माझे दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले आणि एक सिलिंडर पुढं केला. "उघड."

मी क्लिप काढली आणि मधला भाग सरळ ओढला. स्प्रिंगा टणाटण उडाल्या, पिना फरशीवर पसरल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "डावखुरी हायस व्हय? वेच आन् मोज."

नऊ पिना भरल्या. दहावी मिळेना. मी टेबलाखाली, खुर्च्यांखाली, बायकांच्या पायांमधून गुडघ्यावर रांगत होते. बायका पाय वर घ्यायच्या, मला वाट द्यायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. सकाळचे दोन तास आणि वर थोडा वेळ गेला. जेवणाचा भोंगा झाला तसा बाईंनी आपला डावा पाय उचलला. पिन त्यांच्या चपलेखाली होती.

"आता तुझ्या हातनं कदी सांडायची न्हाई," म्हणाल्या आणि डबा घेऊन निघून गेल्या.

खरंच नाही सांडली. त्या दिवसानंतर एकदाही नाही.

परत आलेल्या सिलिंडरमध्ये चूक कुणाची हे त्या उघडून सांगायच्या. मालाच्या ट्रेला चिठ्ठी असायची, तिच्यावर नाव आणि तारीख. पण बाईंना चिठ्ठी लागायची नाही. कुणी स्प्रिंग नखानं दाबते, ती वाकते. कुणी ग्रीस जास्त लावते. कुणाच्या डोक्याचं तेल पिनांना लागलेलं असतं. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी त्या नाव घ्यायच्या. जिचं नाव घेतलं तिनं सगळ्यांसमोर टेबलाशी यायचं. तिनं काही कारण सांगायला तोंड उघडलं की बाईंचं ठरलेलं वाक्य यायचं, "उघड, मग बोल." तिनं आपल्या हातानं तो सिलिंडर उघडायचा, आपली चूक आपण चिमट्यानं उचलून दाखवायची. आणि मग बाई तो खराब सिलिंडर सुतळीत ओवून तिच्या गळ्यात बांधायच्या. संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत काढायचा नाही. पाणी प्यायला जा, संडासला जा, जेवायला बसा, गळ्यात तो लोंबतोय.

शोभा नावाची एक नवी सून होती. ती रडत रडत तसाच गळ्यात घेऊन घरी गेली, काढायचं भानच राहिलं नाही. सासऱ्यानं विचारलं, हा कसला दागिना. दुसऱ्या दिवशी शोभानं हे बाईंना सांगितलं, थोडी दया येईल म्हणून. बाई म्हणाल्या, "मग काय सांगितलंस? खरं सांगितलंस का खोटं?"

साहेबांना हे सगळं माहीत होतं. ते काही बोलायचे नाहीत, कारण बाईंनी घेतलेलं नाव कधी चुकायचं नाही. आम्ही त्यांचा तिरस्कार करायचो, पण त्या खोटं नाव घेतील असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

त्यांच्या घरचं फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. माहेर कासारसाईचं, फाट्याजवळ खोली घेऊन एकट्या राहायच्या. एकदा कुणीतरी धीर करून नवऱ्याचं विचारलं. बाई चिमटा पुसत होत्या. म्हणाल्या, "होता की. त्यालाबी उघडून बघितला. आत काय न्हवतं."

आम्ही हसलो. त्या नाही हसल्या.

मी त्यांना मनापासून हसताना एकदाच पाहिलं. हिंजवडीच्या एका कंपनीतला कुणी इंजिनिअर साहेबांच्या ओळखीचा होता. त्यानं परदेशातून आणलेलं एक कुलूप दाखवायला दिलं होतं. ते बाईंकडं आलं. तीन दिवस त्यांनी ते रुमालात बांधून जवळ ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला हाक मारली. साठ जणींमधून मलाच का, कुणास ठाऊक.

"हितं बस. भिंग लाव. काय दिसतंय?"

काळ्या रेक्झिनवर पिना मांडलेल्या होत्या. आमच्या पिना सरळसोट असायच्या. ह्या मधून बारीक होत्या, डमरूसारख्या.

"ह्यांना कंबर हाय," मी म्हणाले.

"हाय ना! कशाला असंल? इचार कर." माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या. "अगं, चोर तार घालतो, पिना एकेक वर ढकलतो. ही पिन कमरेशी अडकती. चोराला वाटतं बसली, सुटलं कुलूप. थोडं फिरतंबी. आन् तितंच फसतो मेला!" त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "ज्यानं बनवलं तो लई नालायक माणूस असला पायजे. लई हुशार."

त्या अर्ध्या तासात त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या शाळेत मिळालं नसतं. आवाज खाली होता, माझ्या खांद्यावर हात होता. भोंगा झाल्यावर मी जागेवर जाऊन बसले आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी माझंच नाव घेतलं. एका स्प्रिंगचं टोक वाकलं होतं. दिवसभर गळ्यात सुतळी.

आता सविताचं सांगायला हवं, कारण ते टाळून वत्सलाबाई सांगता यायच्या नाहीत.

सविता माझ्याच गावची, दोन घरं सोडून. एकाच एसटीनं यायचो-जायचो, शेजारी शेजारी बसून सिलिंडर भरायचो. तिला गप्प बसणं म्हणून माहीत नव्हतं. तिची मुलगी पिंकी सारखी आजारी असायची. एका पावसाळ्यात पिंकीची छाती भरली आणि तिला पौडच्या दवाखान्यात ठेवलं. सविताच्या रजा संपल्या होत्या, आणखी एक खाडा झाला असता तर नाव कमी झालं असतं. मी म्हणाले, तू जा, मी बघते. चार दिवस मी तिचं हजेरीचं कार्ड पंच केलं आणि माझा ट्रे भरून झाला की तिचाही भरला, तिच्या नावाची चिठ्ठी लावून.

चौथ्या दिवशी दोन मापांच्या पिना संपल्या. स्टोअर बंद झालं होतं, बस सुटायला थोडा वेळ होता आणि ट्रे अर्धा राहिला होता. मी दोन भोकं रिकामी ठेवली. चावी घालून पाहिली, छान फिरली. चावी फिरली की माल पास. उरलेला सगळा ट्रे मी तसाच भरला.

तीन महिन्यांनी नेऱ्याकडच्या एका नव्या सोसायटीतून बिल्डरची माणसं गोण्या घेऊन आली. तिथं राहणारा एक मुलगा, नागपूरकडचा, हिंजवडीत नोकरीला, कामावरून आला आणि चुकून लिफ्टमधून एक मजला खाली उतरला. चावी घातली, दार उघडलं, तो आत गेला. आत एक बाई बाळाला पाजत बसली होती. तिनं आरडाओरडा केला, लोक धावले, त्याला मारलं. मग कुणीतरी शांत डोक्याचा म्हणाला, अरे पण ह्याच्या चावीनं दार उघडलंच कसं? सगळ्यांनी एकमेकांच्या चाव्या लावून पाहिल्या. निम्मी दारं निम्म्या चाव्यांनी उघडत होती. पाचाच्या जागी तीनच भोकं भरलेली, मग दुसऱ्याची चावीही चालायची.

साहेबांचा आवाज चार दिवस ऑफिसच्या भिंतीतून ऐकू येत होता. बाई खाली मान घालून गोण्या उपसत होत्या. मी माझ्या जागेवरून त्यांच्या हाताकडं बघत होते. क्लिप बसवताना स्क्रू-ड्रायव्हरचा ओरखडा पितळेवर पडतो, हे मला ठाऊक होतं. मी डावखुरी, माझा ओरखडा उलट्या बाजूला. बाई भिंग लावून तो ओरखडा बघत होत्या. बोटानं चाचपत होत्या. मी मनातल्या मनात माझं नाव ऐकलंसुद्धा.

दुसऱ्या सकाळी त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सविता."

सविता पुढं गेली. "अवो बाई, मी असं कसं..."

"उघड, मग बोल."

तिनं सिलिंडर उघडला. दोन भोकं रिकामी. बाईंनी त्या ट्रेची जपून ठेवलेली चिठ्ठी तिच्यापुढं धरली. सवितानं तारीख वाचली, तिचे ओठ हलले, ती दिवस मोजत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. ज्या सविताला गप्प बसता यायचं नाही, ती काही बोलली नाही. मी दवाखान्यात होते म्हणाली असती तर खोटी हजेरी उघडी पडली असती आणि आम्ही दोघी गेलो असतो. ती माझी वाट बघत होती. मी समोरच्या ट्रेमधल्या पिना मापाप्रमाणं लावत बसले.

बाईंनी सुतळी बांधली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी एसटीत सवितानं मला विचारलं, "तू काय बोलणार हायस का न्हाई?"

"दोघीबी जाऊ गं," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी साहेबांनी तिला काढलं. पुढं ती धरणाकडच्या एका पुणेकराच्या फार्महाऊसवर खुरपायला जायला लागली. पिंकीला कोळवणला आजीकडं धाडलं. रस्त्यात भेटली तर माझ्याशी बोलायची नाही, तोंडही फिरवायची नाही. नुसती बघायची.

आणि मला काय वाटलं असेल? मला सुटल्यासारखं वाटलं. वर आणखी एक घाणेरडी गोष्ट वाटली: बाई चुकल्या. कधी न चुकणाऱ्या वत्सलाबाईंना ओरखडा वाचता आला नाही. मी बायकांमध्ये हळूच बोलायला लागले की बाईंची नजर गेली, आता अंदाजानं नावं घेतात. सविताचं नाव न काढता मी हे पसरवत राहिले. बायकांना ते हवंच होतं. ज्यांच्या ज्यांच्या गळ्यात सुतळी पडली होती त्या सगळ्या म्हणायला लागल्या, माझीबी चूक नव्हतीच.

पाचेक वर्षांनी नवे साहेब आले. तयार सिलिंडर बाहेरून मागवायला सुरुवात झाली. ते म्हणाले, परत आलेला माल उघडून बघायचा कशाला? फेका, नवा द्या. तरी वीस वर्षं काम केलेली बाई एकदम कशी काढायची, असं कुणी म्हणालं तेव्हा त्यांनी ऐकलेलं बोलून दाखवलं, "पण त्यांना तर दिसत नाही ना नीट?" तोवर खरंच थोडं कमी दिसायला लागलं होतं, साखरेनं डोळे धरले होते. पण ते शब्द कुणाच्या तोंडचे होते ते मला कळलं.

निरोपाच्या दिवशी बायकांनी हार केला. शोभाचीच कल्पना. भंगाराच्या पेटीतून जुने खराब सिलिंडर काढले, अकरा भरले, सुतळीत ओवले. त्यात नेऱ्याचाही एक आला होता. सुतळीची एक गाठ मी मारली. साहेब नारळ आणि शाल देऊन गेल्यावर शोभानं तो हार बाईंच्या गळ्यात घातला आणि सगळ्या जणी टाळ्या पिटून हसल्या. मीही हसले.

बाईंनी हार काढला नाही. त्या खुर्चीवर बसल्या, भिंगही लावलं नाही. पहिला सिलिंडर हातात धरला, नखानं मागची क्लिप चाचपली, कानाशी हलवला. "ही शोभी." पुढचा. "ही लता. तवा पोटुशी हुतीस, हात थरथरायचा." पुढचा. "ही सुमन, मेली ती गेल्या साली." एकेक नाव बरोबर निघत होतं आणि हसणं विझत होतं. दहा झाले. अकराव्यावर त्यांचं नख थांबलं. त्यांनी तो दोनदा चाचपला.

"हा नेऱ्याचा," एवढंच म्हणाल्या. नाव घेतलं नाही. तो सुतळीतून सोडवून पिशवीत टाकला आणि हार टेबलावर ठेवून चालू लागल्या.

मी गेटपर्यंत धावले. "बाई, तुमाला तवाच कळलं हुतं?"

"सबंध कारखान्यात डावखुरी तू एकली."

"मग सविताचं नाव का घेतलंत?"

"सायबाला एक नाव पायजे हुतं. तिचा हात बरा. तुझा चांगला. चांगला ठेवला."

"तिचं वाटोळं झालं की वो."

"मी केलं व्हय?" त्या माझ्या अगदी जवळ आल्या. "तीन दिस थांबले मी. सायेब पैल्याच दिशी काढत हुता तिला. मी म्हणले, थांबा. तिच्या गळ्यात सुतळी आन् तू शेजारी बसून डबा खात हुतीस. मला बघायचं हुतं."

"काय?"

"तुझ्या आत काय हाय ते." मग पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, "बघितलं."

मीही वर्षभरात तिथलं काम सोडलं. दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात फाट्यावर माल्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. पुण्याला जाणारी एसटी थांबली आणि खिडकीत वत्सलाबाई दिसल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, शेजारी त्यांच्याच चेहऱ्याची एक बाई, बहीण असावी. दवाखान्यात चालल्या असाव्यात. मी रस्ता ओलांडून खिडकीशी गेले.

"बाई."

"कोण?"

"मी रेखा. माल्याची."

"हां."

पुढं काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं, तरी तेच तोंडातून आलं. "सविताला सांगितलं मी. सगळं. गेल्या महिन्यात तिच्या घरी गेले हुते."

"काय म्हणली?"

"काय न्हाई. मी बोलत हुते तवर उंबऱ्यात उभी राहून ऐकलं. मग आत गेली आन् दार लावून घेतलं."

बाईंनी मोकळा डोळा माझ्याकडं वळवला. त्या डोळ्याला मी दिसत होते की नाही, सांगता येत नाही.

"तिला तर पैल्या दिसापासनं ठावं हुतं. तिला नवं काय सांगितलंस? तू तुझ्यासाठी गेलीस."

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीची सळई धरली होती ती सोडली. बहिणीनं सोललेलं संत्रं बाईंच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी एक फोड वेगळी केली, तिच्यावरचे पांढरे दोरे नखानं एकेक करून काढले, बी बाजूला केली आणि फोड तोंडात टाकली. बस पुण्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.